डाव उलटला की वडा: श्लेषाच्या शब्दकोड्यात या चुका टाळा

‘पाहुणे दारात, चहात पडले (२).’

गेल्या गणपतीत सोसायटीच्या फलकावर मी एक शब्दकोडं लावलं होतं, त्याचं हे पहिलं सूत्र. वर मथळा ‘खमंग कोडं’. बी विंगमधल्या काकांनी थांबून वाचलं, खिशातून पेन काढलं आणि ठसठशीत अक्षरांत ‘माशी’ लिहून टाकलं. चहात पडते ती माशीच, आणि अक्षरंही दोन. त्यानंतर दोन दिवस त्या कोपऱ्यातला एकही उभा शब्द कुणाला सुटेना. उत्तर होतं ‘आले’. पाहुणेही आले, चहातही आले.

कोडी रचताना आणि फलकाजवळ उभं राहून लोकांचं ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. शब्द माहीत नाही म्हणून अडणारे फार थोडे. बहुतेक जण शब्द माहीत असूनच अडतात.

सूत्राला वाक्य समजणं

१९१३ च्या २१ डिसेंबरला ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात आर्थर विन यांनी हिऱ्याच्या आकाराचं एक कोडं छापलं. आजच्या शब्दकोड्याचा जन्म तिथला मानतात. त्यातला मामला सरळ होता, अर्थ दिलाय, शब्द शोधा. आपल्याकडच्या रोजच्या वर्तमानपत्रातलं कोडंही बहुधा तसंच असतं. ‘कमळ (३)’ म्हटलं की जलज किंवा पंकज. पुढे १९२० च्या दशकात इंग्रजांनी त्यात वाकडेपणा आणला आणि सूत्र बोलतं एक, मागतं दुसरंच, असा खेळ सुरू झाला.

अशा सूत्राचे साधारण दोन तुकडे असतात. एकात शब्दाचा अर्थ, दुसऱ्यात तो शब्द कसा बनवायचा याची कृती. अर्थ बहुतेक वेळा एका टोकाला सापडतो, मधोमध क्वचितच. ‘सजव, मग कालव; चटणीला येईल (३)’ हे घ्या. वाचताना डोळ्यांसमोर सजवलेलं ताट येतं आणि तिथेच आपण फसतो. ताट विसरा. स, ज, व ही तीन अक्षरं कालवायची आहेत. चटणीला येणारं काय मिळतं? जवस.

कधी दोन्ही तुकडे अर्थाचेच असतात. ‘ती फसली आणि तेलात पडली (३)’ म्हणजे चकली. ‘शाळेच्या सभेला आलेली पालेभाजी (३)’ म्हणजे पालक. आणि कधी सगळं सूत्र मिळून एकच गंमत असते. ‘कालिदासाची, नाश्त्याला (३)’ याचे तुकडे पाडत बसलात तर हाती काही लागणार नाही. ‘उपमा कालिदासस्य’ आठवलं की झालं.

व्याकरणही कोड्यात कामाला येतं. ‘पूर्वी तो रोज तरंगायचा, आता मुलगी बघायला गेलं की समोर (२)’ याचं उत्तर ‘पोहे’. तो बसे, तो उठे, तसा तो पोहे. शाळेत रीतिभूतकाळ पाठ करताना तो कधी कांदेपोह्यांपर्यंत नेईल असं वाटलं नव्हतं.

अक्षर सोडून इंग्रजी कानाने मोजणं

ही चूक इंग्रजी कोडी सोडवणाऱ्या हुशार मंडळींची. मराठी कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसतं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं त्याच्या अंगावर. जोडाक्षर कितीही गुंतागुंतीचं असलं तरी त्याला घर एकच. ‘श्रीखंड’ तीन घरांत मावतं. ‘उत्कृष्ट’सुद्धा तीनच.

उलटवायची वेळ आली की हे फार महत्त्वाचं ठरतं. ‘राम’ उलटा करा. ‘मार’ म्हणालात? मग तुम्ही मनात रोमन लिपीत लिहिलंत. अक्षरं उलटली तर ‘मरा’ होतं. वाल्याची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक असते, पण पेन्सिल हातात आली की ती नेमकी आठवत नाही. याच हिशेबाने ‘डाव उलटला, तरी खायला मिळालं (२)’ म्हणजे वडा, ‘वार उलथला की शिऱ्याला लागतो (२)’ म्हणजे रवा, आणि ‘साप उलटला, धान्य हातात मावेल एवढंच (२)’ म्हणजे पसा. हा शेवटचा शब्द तरुण मुलांना माहीत नव्हता. पसायदान म्हणतात, पण त्यातला ‘पसाय’ म्हणजे प्रसाद; हा पसा निराळा, आणि तो त्यांनी कधी हातात धरलेला नसतो.

कंसातला आकडा लोक शेवटी बघतात. तो आधी बघावा. ‘शिक, मग लढाई, दोन्ही मिळून पोळीशी खा (४)’ या सूत्रात शिक आणि रण जोडून शिकरण होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी ‘शिक्रण’ लिहिलं आणि एक घर रिकामं राहिलं म्हणून माझ्याशी भांडल्या. काही घरांत शिक्रण म्हणतात हे खरं, पण कंसात चार होते आणि रणातला र मोडून चालणार नव्हता.

ऱ्हस्व-दीर्घाला किरकोळ समजणं

एरवी चालून जातं, इथे नाही. आडव्या शब्दाची वेलांटी पहिली आणि उभ्याची दुसरी असली की त्या घरात दोघंही अडकतात. लोक मग चांगलं बरोबर उत्तर खोडून टाकतात. खोडण्याआधी स्वतःच्या शुद्धलेखनावर संशय घ्या. मराठी शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ असतो. मीठ, तूप, खीर, गूळ ही उदाहरणं स्वयंपाकघरातच आहेत. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाबाहेर, म्हणून विष, गुण, मधुर ऱ्हस्वच राहतात. आणि विभक्ती लागली की दीर्घाचं ऱ्हस्व होतं. कोड्यात ‘तूप’ हवं असेल आणि सूत्रात ‘तुपात’ दिसलं, तर त्यातून अक्षरं जशीच्या तशी उचलता येत नाहीत. रचणाऱ्याने तसं केलं असेल तर चूक त्याची, खुशाल भांडा.

ज्येष्ठांची अडचण वेगळी. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण हातातून गेले नाहीत. ‘नांव’, ‘कांही’ असं लिहिणारे आजही आहेत, आणि त्यांच्या अनुस्वारापायी छेदणारा शब्द जुळत नाही. तळमजल्यावरच्या आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘टिंब पुसते, पण मनातून नाही हो.’

विषय कळला की सगळीकडे तोच शोधणं

मथळा न वाचता सुरुवात करणारे एका टोकाला आणि मथळा डोक्यात घट्ट धरणारे दुसऱ्या टोकाला. दुसरे जास्त अडतात असं माझं मत आहे. ‘खमंग कोडं’ म्हटल्यावर ‘नदी उलटी वाहिली, गरीब झाली (२)’ या सूत्रातही लोक खायचं काहीतरी शोधत होते. उत्तर साधं ‘दीन’ होतं. विषयाचे शब्द ठरावीकच असतात, बाकीचे त्यांना धरून ठेवणारे खिळे. अमेरिकी कोड्यांत विषयाचे शब्द बहुधा सगळ्यात लांब आडव्या जागी असतात, त्यामुळे तिथे आधी नजर टाकता येते. मराठी चौकट लहान असली की ही सोय मिळत नाही.

विषयाचा खरा उपयोग वेगळाच आहे. त्यातली क्रियापदं कृती सांगतात, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. स्वयंपाकाच्या कोड्यात ढवळून, कालवून, कुस्करून, मिसळून दिसलं की अक्षरांची सरमिसळ करायची. उलथून म्हणजे उलटं वाचायचं. देठ काढून म्हणजे टोकाचं अक्षर टाकायचं, सोलून म्हणजे दोन्ही टोकांची. गर किंवा आत म्हटलं की शब्द सूत्राच्या पोटातच दडलेला असतो. ‘मला डूल देताना आत गोड सापडलं (२)’ हे दोन दिवस कुणालाही सुटलं नाही, कारण सगळे सराफाच्या दुकानात होते. मला डूल. मधली जागा पुसून वाचा, लाडू तिथेच आहे. विषय क्रिकेट असता तर हीच कामं ‘त्रिफळा’ आणि ‘फिरकी’ या शब्दांनी केली असती.

अर्धं उत्तर जुळलं की लिहून टाकणं

‘पुण्यातली नदी पानात वाढा (२).’

पुण्यात दोन नद्या, मुळा आणि मुठा. दोन्ही दोन अक्षरी, दोन्ही ‘मु’ने सुरू. मी मुद्दाम छेद पहिल्या अक्षरावरच ठेवला होता, म्हणजे उभा शब्द कुणाची सुटका करणार नाही. निम्म्या सोसायटीने मुठा लिहिलं. पण मुठा पानात वाढून दाखवा! नदी जुळली, भाजी जुळली का हे पाहायचं राहून गेलं. माशीचंही तेच झालं होतं. चहा जुळला, पाहुणे वाऱ्यावर.

दोन्ही उत्तरं खरोखर बरोबर असण्याचं एक नामी उदाहरण मात्र आहे. ५ नोव्हेंबर १९९६, अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कोड्यात उद्याच्या मुख्य बातमीबद्दल सूत्र होतं आणि तिथे ‘क्लिंटन’ही बसत होतं, त्यांचे प्रतिस्पर्धी ‘बॉब डोल’ही. इंग्रजीत दोन्ही सात अक्षरी. छेदणारी सातही सूत्रं दोन्हीकडून जुळणारी. त्यातल्या एकाचं उत्तर ‘कॅट’ही चालत होतं आणि ‘बॅट’ही, हॅलोविनचा काळा प्राणी म्हणून. क्लिंटनचं नाव भरणाऱ्यांनी, निकाल लागायच्या आधीच निकाल छापला म्हणून तक्रारी केल्या. जेरेमाया फॅरेल यांनी रचलेलं ते कोडं माझ्या मते या खेळातलं सगळ्यात सुंदर काम. पण ती करामत आहे, रोजचा नियम नव्हे. रोजच्या कोड्यात दोन उत्तरं बसताहेत असं वाटलं, तर सूत्राचा एक तुकडा वाचायचा राहिलाय असं समजा.

तरीही अडलंच तर

एक आडवा, मग दोन आडवा असं ओळीने जाऊ नका. जिथे दोन-तीन अक्षरं आधीच आली आहेत तिथून धरा. पेन्सिल वापरा. शब्दकोश उघडायला लाजू नका. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, पण इंटरनेटवर खुला आहे आणि ‘पसा’सारख्या शब्दांना तोच वाली. उत्तर सुचलं पण ते का हे सांगता येत नसेल, तर ते फिकट लिहून पुढे जा. बाकी चहा घेऊन परत येणं हा उपाय मी सगळ्यांना सुचवतो, आणि तो बहुतेकांना आवडतो.

विसर्जनाच्या दिवशी बी विंगमधल्या काकांनी माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. म्हणाले, ‘आता तू सोडव.’ चिठ्ठीत एकच ओळ होती: ‘प्रभाकरपंतांच्या पोटात काय आहे? (३)’

मी उभ्या उभ्या ‘आतडे’ लिहून दिलं. पेनानेच.