घोड्याच्या पाण्याचा हिशेब

सुमारे 500 किलोचा घोडा वाळलं गवत खाऊन नुसता ठाणावर उभा असला, तरी दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी पितो. उन्हात कष्टाचं काम पडलं की हा आकडा दुपटीपर्यंत जातो. अंगावर शिंगरू पिणाऱ्या घोडीलाही बरंच जास्त लागतं. हिरव्या कुरणातला घोडा मात्र कमी पितो, कारण ओल्या गवतात 70-80 टक्के पाणी असतं आणि वाळल्या गवतात जेमतेम 10-15. चारा बदलला की पाण्याचा अंदाज नव्याने बांधावा लागतो.

तेव्हा आधी मोजायला लागा. 20 लिटरच्या दोन बादल्या, आतून लिटरच्या खुणा केलेल्या, आणि किती उतरलं याची सकाळ-संध्याकाळ नोंद. आपोआप भरणारं भांडं सोयीचं खरं, पण घोडा किती प्यायला ते त्यातून कळत नाही आणि नळी तुंबली तरी चटकन लक्षात येत नाही. बादली रोज ओतून घासा. तळाशी लीद किंवा आंबलेली चंदी (घोड्याचा दाण्याचा खुराक) असली, तर घोडा हुंगून तोंड फिरवतो.

सगळ्यात जास्त हेळसांड होते ती मिठाची. घोड्याच्या घामातून पाण्याबरोबर क्षारही भरपूर जातात. दोन्ही एकदम गेल्यामुळे रक्ताचा खारटपणा फारसा वाढत नाही आणि तहान लागल्याची जाणीवच होत नाही. अंगातलं पाणी आटलेलं असतं, तरी घोडा बादलीकडे बघत नाही. ‘तहान लागली की पिईल’ हा भरवसा इथेच दगा देतो. रोज 25-30 ग्रॅम साधं मीठ चंदीत मिसळा. घाम गाळणाऱ्याला याहून जास्त लागतं. चाटायचा खडा टांगलेला असला तरी पुष्कळ घोडे तो पुरेसा चाटत नाहीत.

काम संपल्यावर 10 लिटर पाण्यात 90 ग्रॅम मीठ विरघळवून ती बादली आधी पुढे करा, मग साधं पाणी. खारं पाणी नको असेल तर सक्ती नको. घोडा साधं पाणी प्यायलेला नसेल तर क्षारांची पेस्ट तोंडात सोडू नका. ती अंगातलं उरलंसुरलं पाणी आतड्यात ओढून घेते. तापलेल्या घोड्याला पाणी दिलं की पोटशूळ उठतो, हा समज चुकीचा आहे. त्याला लगेच पिऊ द्या.

थंडीत उलटा धोका असतो: पाणी गार, चारा कोरडा, पिणं कमी. मग लीद घट्ट होऊन मोठ्या आतड्यात अडकते. कोमट पाणी आणि भिजवलेलं गवत द्या. प्रवासात दर तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवा. परक्या पाण्याला नाक मुरडणाऱ्यासाठी ओळखीचं पाणी बरोबर घ्या.

रोज हिरड्यांना बोट लावा, त्या ओल्या आणि निसरड्या हव्यात. बोटाने दाबल्यावर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हावा. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच सपाट व्हायला हवी, पण म्हाताऱ्या घोड्यात ही खूण फसवते. लीद बारीक, कोरडी आणि लघवी गडद असेल तर सावध व्हा. हिरड्या चिकट आहेत आणि अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतरही नाडी मिनिटाला 60च्या खाली येत नाही, तर पशुवैद्याला बोलवा. तोवर बाटलीने किंवा नळीने घशात पाणी ओतू नका. ते फुप्फुसात जाऊ शकतं.