दुसऱ्या ठिकाणी उपासना सुरू करताना

चर्चमध्ये दोन उपासना घेऊनही रविवारी जागा पुरेनाशी झाली किंवा बरीच कुटुंबे दुरून येऊ लागली, की दुसऱ्या ठिकाणाचा विचार पुढे येतो. मंडळी (चर्चचा सभासदवर्ग) एक, वडीलमंडळ (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ‘वडील’ म्हणवणाऱ्या पुढाऱ्यांचे मंडळ) एक आणि हिशेबही एक, मात्र उपासनेची ठिकाणे अनेक, अशी ही रचना असते. तिच्यात पाळक (पास्टर) सर्वांत आधी शोधावा आणि जागा सर्वांत शेवटी. प्रेषित पौलाने आपला सहकारी तीत याला क्रेत बेटात मागे ठेवले तेव्हा नगरोनगरी वडील नेमण्याचे काम त्याच्यावर सोपवले होते. आपणही तोच क्रम ठेवावा.

नेमलेल्या पाळकाने नव्या ठिकाणी जाणाऱ्या कुटुंबांच्या घरी आधीच काही महिने जाऊन यावे. तयारी झाली की नाही, हे पाहण्याची माझी कसोटी साधी आहे: मध्यरात्री घरातले माणूस रुग्णालयात न्यावे लागले, तर फोन कोणाला करायचा, हे त्या प्रत्येक कुटुंबाला विचारावे. उत्तरात मुख्य पाळकांचेच नाव येत असेल, तर उद्घाटन पुढे ढकलावे. तोपर्यंत तिथे साप्ताहिक प्रार्थनासभा घ्याव्यात आणि संडे स्कूलचे शिक्षक व वादक तयार करावेत.

उपदेश पडद्यावर दाखवायचा की तिथल्याच पाळकाने द्यायचा, यावर खूप वाद होतो. पडदा सोयीचा असला तरी सारा भार एका व्यक्तीवर येतो. सिएटलमधील मार्स हिल चर्चच्या बहुतेक ठिकाणी एकाच उपदेशकाची चित्रफीत दाखवली जात असे. 2014 मध्ये त्यांनी राजीनामा दिल्यावर काही महिन्यांतच ती संस्था विसर्जित झाली. म्हणून महिन्यातून निदान दोन रविवार तिथल्या पाळकानेच वचन सांगावे, आणि प्रभुभोजन व बाप्तिस्मा तर प्रत्यक्षच व्हावेत, असे मला मनापासून वाटते.

अर्पण त्याच ठिकाणी, नात्यात नसलेल्या दोघांनी मोजून, रक्कम लिहून व सह्या करूनच मुख्य खात्यात भरावे. प्रत्येक ठिकाणचा जमाखर्च वेगळा दाखवल्यास कुरबुरी टळतात.

ते ठिकाण पुढे स्वतंत्र मंडळी होणार का आणि कोणत्या परिस्थितीत, हेही सुरुवातीलाच वडिलांच्या सभेत ठरवून इतिवृत्तात नोंदवावे. न्यूयॉर्कमधील रिडीमर प्रेस्बिटेरियन चर्च 2017 मध्ये मुख्य पाळक पायउतार होताना तीन स्वतंत्र मंडळ्यांत विभागले गेले. अशा वेळी सामान, ठेवी आणि कर्ज यांची वाटणी कशी करायची, तेही त्याच ठरावात लिहावे.