मासिकातल्या प्रेमकथेचा गौरव कसा करावा

दिवाळी अंक वाचनालयाच्या टेबलावर फार तर होळीपर्यंत टिकतात. तोवर मुखपृष्ठ सुटलेले असते, शब्दकोडे कोणीतरी पेनने भरलेले असते आणि पुढच्या आवराआवरीत गठ्ठा रद्दीत जातो. कादंबरी पुस्तक होऊनच जन्माला येते. मासिकातली कथा मात्र लेखकाचा संग्रह निघाला नाही तर त्या अंकाबरोबरच संपते. प्रेमकथेच्या वाट्याला आणखी एक अडचण येते. ती वाचतात सगळे, पण ‘यंदाची उत्तम कथा कोणती’ असे विचारले की तिचे नाव घ्यायला संकोचतात आणि एखाद्या गंभीर सामाजिक कथेकडे बोट दाखवून मोकळे होतात. आमच्या लहानशा वाचनालयात गेली काही वर्षे आम्ही दर साली मासिकांतल्या एका प्रेमकथेचा गौरव करतो. त्याची रीत, आमच्या हातून झालेल्या चुकांसह, येथे लिहीत आहे. चारपाच नेटाने वाचणारी माणसे असलेल्या कोणत्याही मंडळाला ती जमण्यासारखी आहे.

पहिले काम कथा गोळा करण्याचे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचा मोठा हंगाम दिवाळीतच येत आला आहे, आणि त्यामुळे निवड करणाऱ्यांना तेवढ्याच गठ्ठ्यावर भागवण्याची सवय लागते. ही सवय मोडावी. जूनच्या एखाद्या साध्या अंकात, पावसाळी सहलींच्या लेखामागे, वर्षातली सर्वांत चांगली कथा दडलेली असू शकते. यासाठी वाचनालयाच्या टेबलावर एक वही दोऱ्याने बांधून ठेवावी आणि आवडलेल्या कथेचे नाव, मासिक, महिना व पृष्ठ क्रमांक एवढेच वाचकांकडून लिहून घ्यावे. अभिप्राय मागू नये, नाहीतर वही भरत नाही. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या आणि केवळ इंटरनेटवर निघणारे दिवाळी अंक धरायचे की नाही, हे वर्षाच्या आरंभीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. अनुवादित कथा आणि आगामी कादंबरीतील अंश आम्ही बाजूला ठेवतो.

प्रेमकथा कशाला म्हणायचे, यावर पहिल्या बैठकीत हमखास वाद होतो. आमची कसोटी साधी आहे. कथेतून प्रेम वजा करून पाहावे. तरीही कथा उभी राहत असेल, तर ती दुसऱ्या कशाची तरी कथा आहे आणि प्रेम तिच्यात चटणीपुरते आहे. वय, लग्न, स्त्री-पुरुष जोडी यांची अट घालू नये. साठीतल्या दोघांची, घटस्फोटानंतरच्या ओढीची, दोन मैत्रिणींमधल्या न उच्चारलेल्या प्रेमाची कथा याच खात्यात येते. शेवट गोड असावा, अशीही अट नको.

परीक्षक पाच असावेत आणि त्यांपैकी एक जण साहित्याच्या वर्तुळाबाहेरचा असावा. पहिले वाचन लेखकाचे नाव झाकून करावे. अंकाच्या पानावर नावाच्या जागी कागदाची पट्टी यूपिनने लावली तरी पुरते. त्याच पट्टीखाली शीर्षकाचे चित्रही झाकावे, कारण पाठमोऱ्या मुलीचे आणि पावसाचे चित्र पाहिले की अर्धा निकाल तिथेच लागतो. वाचताना अडथळ्याकडे विशेष लक्ष द्यावे. दोघांमध्ये जे आडवे येते ते त्यांच्या स्वभावातून, घरातून, पैशातून, जातीतून आले आहे, की लेखकाला पान संपवायचे होते म्हणून अपघात किंवा असाध्य आजार आला आहे? दुसरी गोष्ट संवादांची: एकाचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घातले आणि काहीच बिघडले नाही, तर दोन माणसे कागदावर उभीच राहिलेली नाहीत.

यानंतर पंधरा दिवस कोणीही काही बोलू नये. मग बैठकीत अंक न उघडता प्रत्येकाने निवडलेल्या कथांपैकी जे आठवते ते कागदावर लिहावे. गुण देण्याच्या तक्त्यापेक्षा हा कागद अधिक खरे बोलतो, असा माझा अनुभव आहे. वाचताना डोळ्यांत पाणी आणणाऱ्या कित्येक कथांचे पंधरा दिवसांनी केवळ शीर्षक उरते.

एका वर्षीचे उदाहरण सांगतो. कथा तालुक्याच्या एस. टी. स्टँडवरची होती. तिथला वाहतूक नियंत्रक आणि रोज सकाळच्या गाडीने शाळेवर जाणारी एक शिक्षिका, एवढीच पात्रे. दोघे सबंध कथेत एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. आमच्यातले निवृत्त मुख्याध्यापक कागद बाजूला सारून म्हणाले, “यात प्रेम आहे कुठे?” त्यावर्षीचे बाहेरचे परीक्षक निवृत्त कंडक्टर होते. त्यांनी सावकाश चष्मा पुसला आणि म्हणाले, “सर, तो बाकीच्या गाड्या एकदा पुकारतो आणि तिची गाडी दोनदा. सकाळच्या गर्दीत एकदा पुकारायलाही उसंत नसते हो.” आम्ही अंक उघडून पाहिला. खरोखरच, तीन ठिकाणी ती गाडी दोनदा पुकारलेली होती, आणि शेवटच्या परिच्छेदात, शिक्षिकेची बदली झाल्यानंतर, एकदाच. लेखिकेने कुठेही त्याकडे बोट दाखवले नव्हते. ती कथा एकमताने निवडली गेली.

निवडीनंतरचे सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे मानपत्राचा मजकूर. ‘मानवी भावभावनांचे तरल चित्रण करणारी हृदयस्पर्शी कथा’ हे वाक्य कोणत्याही कथेला चिकटते, म्हणून ते कोणत्याच कथेचे नसते. लेखकालाही ते वाचून कळते की परीक्षकांनी घाईत काम उरकले आहे. मानपत्रात त्या कथेतलीच एक जागा दाखवावी आणि तिथे लेखकाने काय केले, हे सांगावे. वरील कथेसाठी आम्ही लिहिले होते: ‘गाडी दोनदा पुकारणे या एका कृतीत संपूर्ण प्रेम सांगून, शेवटी ती एकदाच पुकारून विरह सांगणाऱ्या आणि दोन्ही वेळा स्वतः गप्प राहणाऱ्या लेखिकेस.’ मजकूर ऐंशी शब्दांच्या आत असावा. मसुदा एकाने करावा, पाचांनी मिळून करू नये. पाच जणांनी लिहिले की विशेषणे वाढतात. शेवट उघड होतो, ही तक्रार मनावर घेऊ नये, मात्र मानपत्र वाचण्यापूर्वी कथा वाचून घ्यायला श्रोत्यांना सांगावे.

निकाल जाहीर करण्यापूर्वी लेखकाला फोन करावा आणि ही कथा पूर्वी अन्यत्र प्रसिद्ध झालेली नाही, असे त्याच्याकडून लेखी घ्यावे. एका वर्षी आम्ही ही काळजी घेतली नाही. पत्रिका छापून झाल्यावर एका वाचकाने आठ वर्षांपूर्वीचा दुसराच अंक आणून दाखवला, त्यात तीच कथा वेगळ्या शीर्षकाने होती. कोणाची फसवणूक करण्याचा हेतू नव्हता, लेखक केवळ विसरला होता. तरी पत्रिका पुन्हा छापावी लागली आणि अवघडलेपण बरेच दिवस राहिले.

कथा जाहीर वाचायची असेल तर परवानगीचा विचार आधी करावा. प्रताधिकार अधिनियम, १९५७ प्रमाणे प्रसिद्ध साहित्यकृतीतील वाजवी उतारा एका व्यक्तीने जाहीरपणे वाचायला हरकत नाही. संपूर्ण कथेचे अभिवाचन, तिचे ध्वनिमुद्रण किंवा पुस्तिकेत पुनर्मुद्रण यांसाठी मात्र हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची संमती लागते. कथा पाठवणारा लेखक मासिकाचा नोकर नसेल आणि त्याने हक्क लेखी स्वरूपात दिलेले नसतील, तर ते सहसा त्याच्याकडेच राहतात. त्यामुळे विचारायचे ते लेखकाला, आणि सौजन्य म्हणून कळवायचे संपादकाला. दिवंगत लेखकाची जुनी कथा गौरवायची असेल, तर निधनानंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे असतात, हे लक्षात ठेवावे.

समारंभाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. १४ फेब्रुवारी टाळावी, कारण त्या दिवशी कथेपेक्षा फुगेच जास्त दिसतात. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनामुळे सभागृहही मिळत नाही आणि वक्तेही. मार्चमधला एखादा रविवार बरा. शाल आणि नारळ यांवरचा खर्च कमी करून तेवढी रक्कम मानधनात घालावी आणि लेखकाचा प्रवासखर्च त्याने मागण्यापूर्वी द्यावा. ज्या संपादकाने ही कथा छापली, त्याला व्यासपीठावर बोलावून दोन शब्द बोलायला सांगावे. कथा त्याच्या टेबलावर कशी आली आणि तिच्यात काही बदल सुचवले का, हे ऐकणे अध्यक्षीय भाषणापेक्षा रंजक असते. अभिवाचन करणारा नट मिळाला तर उत्तम, पण त्याला आवाज कापरा करू नकोस, असे आधीच सांगून ठेवावे.

समारंभ संपला तरी एक काम उरते. अंतिम फेरीतल्या सर्व कथांची यादी लेखक, मासिक, महिना, वर्ष आणि पृष्ठ क्रमांकासह वाचनालयाच्या नोंदवहीत करावी. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद झाले, आणि आज त्यातली एखादी कथा शोधणाऱ्याला जुने अंक कोणी जपून ठेवले असतील तरच ती सापडते. गौरवलेल्या कथेचा अंक बांधणीला द्यावा, त्यावर ‘रद्दीत देऊ नये’ असा शिक्का मारावा आणि मानपत्राची प्रत आतल्या पानावर चिकटवावी. एस. टी. स्टँडच्या कथेचा आमचा अंक बांधणीनंतरही दोनदा शिवावा लागला आहे, आणि तिसऱ्यांदा तो शिवणीला गेला असताना एक मुलगी त्याची चौकशी करून गेली, म्हणून तिचे नाव ग्रंथपालांनी प्रतीक्षा यादीत लिहून ठेवले आहे.