जुन्या सिटी व्हीटेकच्या क्रँकला ऑइल स्क्रेपर बसवताना

ऑइल स्क्रेपर म्हणजे फिरणाऱ्या क्रँकला चिकटलेलं तेल खरवडून काढणारी पत्र्याची पट्टी. ती कुठल्या बाजूला येणार हे नक्की होईपर्यंत पत्र्याला हात लावू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी इंजिनं बांधतो, आणि या कामात मी स्वतः पहिली चूक केली ती याच ठिकाणी.

गाडी होती २००० सालानंतरची होंडा सिटी व्हीटेक, १४९३ सीसीची. तोवर माझा हात बसला होता तो पुलीकडून बघितलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरणाऱ्या इंजिनांवर. होंडाची ही जुनी डी मालिका उलटी फिरते. सवयीनं मी स्क्रेपर एक्झॉस्टच्या बाजूला लावला. त्या बाजूनं क्रँक खाली उतरतो, त्यामुळे निपटलेलं तेल पत्र्याच्या पाठीवर साचून पुन्हा क्रँकवरच पडत होतं. लांब वळणावर ऑइल प्रेशरचा काटा आधी जसा हलायचा, तसाच हलत राहिला. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उतरवला आणि चूक लगेच दिसली.

स्क्रेपर लागतो तो क्रँक चेंबरातून वर येतो त्या बाजूला. म्हणजे खरवडलेलं तेल पत्र्याच्या खालच्या अंगाला आपटतं आणि सरळ चेंबरात पडतं. सिटीत ही बाजू इनटेककडची, म्हणजे केबिनच्या भिंतीकडची. इंजिन स्टँडवर उलटं केलं की तीच बाजू खाली जाताना दिसते आणि भल्याभल्यांचा गोंधळ होतो. म्हणून इंजिन सुलटं असतानाच ब्लॉकवर रंगाच्या पेननं ठसठशीत बाण काढून ठेवा.

एवढी खटपट कशासाठी, तेही सांगतो. या इंजिनाचा स्ट्रोक ८४.५ मिलिमीटर. ७००० आरपीएमला क्रँकपिन सेकंदाला सुमारे ३१ मीटर, म्हणजे ताशी एकशेअकरा किलोमीटरनं फिरते. काउंटरवेटची, म्हणजे क्रँकचा तोल राखणाऱ्या वजनांची टोकं त्याहून जोरात. बेअरिंगमधून सुटलेलं तेल क्रँकभोवती दोरासारखं गुंडाळलं जातं. त्याला ओढण्यात ताकद जाते, तेलात हवा मिसळते आणि चेंबरातली पातळी उतरते. व्हीटेक म्हणजे जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची रचना; तिची रॉकरमधली पिन तेलाच्या दाबावरच सरकते, त्यामुळे फेसाळलेलं तेल या इंजिनाला जास्त नडतं. पण गाडी शहरात चार हजाराच्या आतच चालत असेल तर हा खर्च करू नका. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीतसुद्धा आधी चेंबरात बॅफल, म्हणजे तेलाचे हेलकावे अडवणारे पत्रे घाला, मग स्क्रेपर.

काही इंजिनांत स्क्रेपर ब्लॉक आणि चेंबर यांच्यामध्ये दाबून बसवतात. इथे चेंबरच्या दोन्ही टोकांना अर्धगोल कमान आहे, तिथे मध्ये पत्रा घातला की पॅकिंग नीट बसत नाही आणि गळती लागते. मी मेन बेअरिंगच्या बोल्टच्या जागी लांब स्टड घालतो. पहिला नट कॅप, म्हणजे बेअरिंगवरची टोपी आवळतो, त्याच्यावर स्क्रेपरची पट्टी आणि वर दुसरा नट. पट्टी कॅपच्या नटाखाली कधीही दाबू नका, कॅपची पकड बिघडते. बोल्ट काढून स्टड घातले की मेन बोअरचा, म्हणजे क्रँक ज्यात बसतो त्या गोल भोकांचा आकार किंचित बदलू शकतो. स्टडचा ठरलेला टॉर्क देऊन बोअर गेजनं पाचही बोअर मोजा, गरज पडली तर लाइन होनिंग, म्हणजे सगळी बोअर एका रेषेत घासून, करून घ्या. ही पायरी वाचवू बघणाऱ्याची बेअरिंगं मी बदलून दिली आहेत.

आता माप. पिस्टन, कनेक्टिंग (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा), बेअरिंगं सगळं बसवून, कॅप आवळूनच माप घ्यायचं. नुसत्या क्रँकवर पुठ्ठा कापला तर कनेक्टिंगच्या बोल्टची टोकं विसरली जातात, आणि सगळ्यात बाहेर तीच येतात. पुठ्ठ्याचा नमुना थोडा थोडा कापत सगळीकडे मोकळा फिरेपर्यंत आणा, मग १.६ मिलिमीटरच्या माइल्ड स्टीलच्या पत्र्यावर उतरवा. लेझरवर कापून घेतला तरी शेवटचा घास कानशीनंच घ्यावा लागतो.

गॅप मी दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवतो. मोजायला माझ्याकडे १.६ची टिग फिलर वायर, म्हणजे वेल्डिंगची तार असते, हातभर लांब, टोक गोल घासलेलं. क्रँक थोडा फिरवायचा, वायर पत्रा आणि काउंटरवेट यांच्यामधून ओढायची. मोकळी सरकली तर पुढे. अडली की तिथे खडूची रेघ, पट्टी काढायची, कानस मारायची, परत बसवायची. एका पत्र्याला माझी अख्खी दुपार जाते. क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून फिरवू नका. हे इंजिन उलटं फिरतं, त्यामुळे त्याच्या दिशेनं फिरवताना बोल्ट ढिला होतो. फ्लायव्हील चढवा आणि हातानं फिरवा.

गॅप याहून कमी करायचा मोह होतो. मी एकदा ०.८वर गेलो होतो. बाकावर सगळं मोकळं फिरलं, पण जोरात पळवल्यावर क्रँक वाकतो, बेअरिंगमधली फट खाल्ली जाते आणि लोखंड गरम होऊन वाढतं. उघडलं तेव्हा तिसऱ्या काउंटरवेटच्या कडेवर नखाला लागेल अशी चकचकीत रेघ होती. तेव्हापासून दीडच्या खाली नाही.

क्रँकला पुढे-मागे खेळ असतो, म्हणून स्क्रूड्रायव्हरनं तो दोन्हीकडे सरकवून बाजूच्या खाचाही वायरनं तपासा. पिस्टन सगळ्यात खाली आल्यावर त्याचा स्कर्ट, म्हणजे खालचा घेर, पट्टीला लागतो का ते पाहा. ऑइल पंपाची जाळी आणि डिपस्टिकसुद्धा. डिपस्टिक बहुतेक जण विसरतात.

क्रँककडची खालची कड धारदार ठेवा आणि उतार वरच्या अंगाला द्या, कारण तेल खालून येऊन आदळतं. बाकीच्या सगळ्या कडा मोडा, बर, म्हणजे कापल्यावर राहणारी खरखरीत कड, राहता कामा नये. पत्रा रॉकेलनं धुऊन हवा मारा. दुसऱ्या नटांना लॉकिंगचं लिक्विड लावा. सगळं आवळल्यावर दोन पूर्ण फेऱ्या कान देऊन फिरवा, आणि वायर शेवटची एकदा ओढा.

इंजिन सुरू झाल्यावर पहिलं तेल शंभरेक किलोमीटरला काढा. ड्रेन बोल्टवर लोहचुंबक बसवलं असेल तर त्याच्यावरचा काळा लेप बोटांत चोळून बघा. मऊ लोण्यासारखा लागला तर ठीक. कणकण लागले तर फिल्टर कापून आत पाहा आणि चेंबर उतरवा.