कर्नल अपडेटनंतर लॅपटॉप हँग होतोय? जुना कर्नल काढू नका

अपडेटनंतर लिनक्स लॅपटॉप मध्येच गोठायला लागला की सोलापुरात दोन सल्ले हमखास मिळतात: फॉरमॅट मार, नाहीतर विंडोज टाक. बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. उबंटू, मिंट किंवा डेबियनमध्ये नवा कर्नल (हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांना जोडणारा लिनक्सचा गाभा) आला तरी आधीचा डिस्कवर राहतो. फेडोरा तर तीन ठेवते. त्या जुन्या कर्नलवर काम थांबत नाही, शिवाय दोष नव्या कर्नलचा की आणखी कशाचा, हेही त्याच्याशी ताडूनच कळतं.

पुढच्या आज्ञा (एपीटी वापरणाऱ्या उबंटू-मिंटसाठी) उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या लहान रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

स्क्रीन गोठली की लगेच पॉवर बटण दाबून धरू नका. आधी कॅप्स लॉक दाबा. दिवा चालू-बंद होत असेल तर कर्नल जिवंत आहे, अडकलाय तो डेस्कटॉप किंवा ग्राफिक्स. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून काळा टर्मिनल येतो का बघा. दिवा आपोआप लुकलुकत असेल तर कर्नल पॅनिक, म्हणजे गंभीर चुकीमुळे कर्नल स्वतःच थांबला. काहीच हलत नसेल तर सगळी यंत्रणाच थांबली आहे. याहून पक्की परीक्षा मोबाइलवरून होते: लॅपटॉपवर ओपनएसएसएच-सर्व्हर (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करू देणारं पॅकेज) आधीच टाकून ठेवा आणि हँग झाल्यावर त्याच वायफायवरून टर्मक्स या अँड्रॉइडवरच्या टर्मिनल ॲपमधून लॉगिन करून बघा. लॉगिन झालं तर दोष बहुतेक डिस्प्लेच्या बाजूचा आहे.

बंद करताना ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून ठेवा (काही लॅपटॉपवर एफएनही लागतं) आणि दोन-दोन सेकंदांच्या अंतरानं एस, यू, बी दाबा. एसनं डिस्कवर न उतरलेलं लिखाण उतरतं, यूनं डिस्क फक्त वाचनापुरती राहते, बीनं मशीन रिस्टार्ट होतं. इंटरनेटवर सहा अक्षरांचा लांब मंत्र सापडतो, पण उबंटूत या कळांची परवानगी मुळात १७६ या मूल्यावर असते, म्हणजे १६ (एस), ३२ (यू) आणि १२८ (बी) यांची बेरीज. तेवढ्यात वरची तीनच अक्षरं बसतात.

मशीन चालू होताना एस्केप एकदाच दाबा. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा. ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा, रिकव्हरी मोडवाला नको. आत आल्यावर ‘यूनेम -आर’ने खात्री करा आणि हाच आवृत्ती क्रमांक लिहून ठेवा. पुढच्या अपडेटच्या साफसफाईत तो उडू नये म्हणून:

सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल लिनक्स-इमेज-(तोच क्रमांक)

आता नेहमीचंच काम करा. अर्ध्या तासाला हँग होणारं मशीन चार-पाच तास सुरळीत चाललं तर संशय नव्या कर्नलवर पक्का. जुन्यावरही हँग झालं तर कर्नलला सोडा. मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो, आणि यंत्रमागाच्या भागात हवेतला कापसाचा तंतू पंख्यामागच्या जाळीवर नमद्यासारखा बसतो. त्यात लॅपटॉप गादीवर, चादरीवर ठेवलेला, म्हणजे खालून हवा बंद. तापमान दाखवणारं एलएम-सेन्सर्स टाकून ‘सेन्सर्स’ चालवा. साध्या ब्राउझिंगलाच प्रोसेसर नव्वद अंशांच्या पुढे जात असेल तर आधी पंखा साफ करा. रॅम ४ जीबी असेल तर हँग होताना ‘फ्री -एच’ बघा; स्वॅप (रॅम कमी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरची जागा) भरून डिस्कचा दिवा सतत पेटलेला असला की मशीन गोठल्यासारखंच दिसतं. तेही नसेल तर रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर लावा.

कर्नलच दोषी ठरला, तर मागच्या बूटची नोंद काढा:

सुडो जर्नलसीटीएल -के -बी -१

मधे आणखी एकदा रिस्टार्ट झालं असेल तर उणे एकऐवजी उणे दोन. शेवटच्या पन्नासेक ओळी वाचा. नोंद अचानक तुटलेली दिसली तर गोंधळू नका: साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या व्हायला पाच मिनिटांपर्यंत लागू शकतात. पॅनिक झालं असेल तर ‘/व्हार/लिब/सिस्टमडी/पीस्टोअर’ हे फोल्डरही उघडून बघा.

‘जीपीयू हँग’सोबत आय९१५ दिसलं तर इंटेल ग्राफिक्स, एएमडीजीपीयूसोबत ‘रिंग टाइमआउट’ दिसलं तर एएमडी. ‘एनव्हीएमई’ आणि ‘कंट्रोलर इज डाउन’ असेल तर एसएसडी झोपेतून उठत नाही. ‘सॉफ्ट लॉकअप’ म्हणजे प्रोसेसरचा एक कोअर वीसेक सेकंद कर्नलच्या एकाच कामात अडकला. कारण त्याखालच्या ओळींत असतं. ‘मशीन चेक’ दिसलं तर हार्डवेअर तपासा.

उपाय आधी एका बूटपुरता करा. ग्रबमध्ये नव्या कर्नलवर थांबून ई दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून खालीलपैकी एकच लिहा आणि एफ१० दाबा.

इंटेल: आय९१५.एनेबल_पीएसआर=०
एएमडी: एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१०
एसएसडी: एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०

पहिले दोन स्क्रीनची स्वतःला ताजं ठेवण्याची वीजबचत बंद करतात, तिसरा एसएसडीची खोल झोप. बॅटरी थोडी लवकर उतरेल. तिन्ही एकदम टाकाल तर कशानं फरक पडला ते कधीच कळणार नाही. लागू पडलेला पर्याय ‘/इटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मध्ये ‘क्वाएट स्प्लॅश’च्या पुढे लिहून ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स असेल तर हे सगळं करण्याआधी ‘डीकेएमएस स्टेटस’ बघा (डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधून देतं). ड्रायव्हर डीकेएमएसमधून आलेला असेल आणि नव्या कर्नलसमोर ‘इन्स्टॉल्ड’ नसेल तर तो त्या कर्नलसाठी बांधलाच गेलेला नाही. बहुधा लिनक्स-हेडर्स (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) राहिलेले असतात. ‘इन्स्टॉल्ड’ असूनही चालत नसेल आणि सिक्युअर बूट चालू असेल, तर निळ्या पडद्यावरचं एमओके (ड्रायव्हरची सही ओळखणारी किल्ली) नोंदवणं राहून गेलंय का ते पाहा.

काही मशीन डेस्कटॉपपर्यंत पोचतच नाहीत, ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ म्हणून थांबतात. अपडेट चालू असताना वीज गेली (बॅटरी मेलेल्या जुन्या लॅपटॉपची नेहमीची कथा) किंवा /बूट भरलं, की इनिटरॅमएफएस (सुरू होताना कर्नलला डिस्कपर्यंत नेणारी फाइल) अर्धवट राहतं. जुन्या कर्नलवर येऊन ‘डीएफ -एच /बूट’नं जागा बघा, मग क्रमानं:

सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज
सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के (नव्या कर्नलचा क्रमांक)
सुडो अपडेट-ग्रब

कशानंच फरक पडला नाही तर लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज आणि बायोस अद्ययावत करा. तोवर ‘सुडो एपीटी-मार्क होल्ड लिनक्स-इमेज-जेनेरिक लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ करून नवे कर्नल थोपवा. एचडब्ल्यूई शाखेत (नव्या हार्डवेअरसाठीच्या कर्नलांत) या नावांपुढे -एचडब्ल्यूई-२४.०४ असा शेपूट असतो, तो २२.०४ वर त्याप्रमाणे बदलतो. कर्नलचे सुरक्षा-दुरुस्तीचे अपडेटही याच वाटेनं येतात, म्हणून महिन्याभरानं ‘अनहोल्ड’ करून पुढचा कर्नल घ्या आणि लिहून ठेवलेला जुना यादीत तसाच राहू द्या.