पतंगासारख्या काल्पनिक जीवाचं नाव ठेवताना

आधी नाव शोधू नका, आधी त्याची एक सवय ठरवा. दिव्यावर झेपावणारा, झाडाच्या सालीवर अंग चोरून बसणारा, हाताला पंखांची पूड लावून जाणारा... (ती पूड म्हणजे बारीक खवले असतात.) खऱ्या जीवांतही अशा कल्पना तयार सापडतात. मून मॉथ नावाच्या पतंगाला प्रौढ झाल्यावर खाताच येत नाही, जेमतेम आठवडाभर जगतो. अशाला मी 'उपाशा' म्हणेन. पाठीवर कवटीसारखी खूण असलेल्या पतंगाला शास्त्रज्ञांनी 'अॅकेरॉन्शिया' म्हटलं, ग्रीक पुराणातल्या पाताळनदीवरून. एका खुणेवरून अख्खी गोष्ट उभी राहिली!

मग आपल्या भाषेतले नादशब्द घ्या: भिरभिर, फरफर, फडफड. त्यांना शेपूट जोडा. 'पाकोळी'तलं '-ओळी' मला फार आवडतं. राखेच्या रंगाचा जीव असेल तर 'राखोळी'. भिरभिरणारी 'भिरुली'. संस्कृत जोडशब्द जपून वापरा, 'निशापक्षिणी' वाचताना जीव उडत नाही, जड होतो.

आता खरी परीक्षा. नावाला विभक्ती लावून मोठ्याने म्हणा: राखोळीने, राखोळ्यांना, राखोळ्यांनो! जीभ अडखळली तर नाव बदला, कारण कथेत ते शंभरदा येणार आहे.

आणि एकाच जीवाला दोन नावं द्या. आजी जिला 'राखोळी' म्हणते, तिला घाबरलेली पोरं 'दिवेगिळी' म्हणतील.