‘मॉड्यूल सापडत नाही’? राहिलेली डिपेंडन्सी अशी शोधा

जळगाव, धुळे, शिरपूरकडच्या कॉलेजांत प्रोजेक्टच्या दिवसांत हे हमखास होतं: स्वतःच्या लॅपटॉपवर चालणारा पायथनचा प्रोग्राम लॅबमधल्या संगणकावर सुरूच होत नाही. कारण प्रोग्रामला लागणारी इतरांची पॅकेजेस, म्हणजे डिपेंडन्सी, आणून देणारा पॅकेज मॅनेजर तुमचा कोड वाचत नाही, त्या पॅकेजेसची लिहिलेली यादी वाचतो. यादीत नसलेलं तो आणणार नाही.

आधी एररची शेवटची ओळ वाचा. ‘नो मॉड्यूल नेम्ड यॅमल’ असेल, तर पॅकेजचं नाव ‘पाययॅमल’ आहे. ‘सीव्ही२’ हवं असेल तर ‘ओपनसीव्ही-पायथन’. अंदाजाने नाव टाकू नका. मिळत्याजुळत्या नावांची घातक पॅकेजेस पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक साठ्यावर, याआधी सापडली आहेत.

उबुंटूवर डेब फाइल (तिथल्या पॅकेजची फाइल) ‘डीपीकेजी’ या कमांडने टाकली, तर ते अवलंबित पॅकेजेस स्वतः आणत नाही, काम अर्धवट राहतं. मग उबुंटूचा पॅकेज मॅनेजर एप्ट वापरा: ‘सुडो एप्ट’ला ‘फिक्स-ब्रोकन’ पर्याय देऊन ‘इन्स्टॉल’ चालवा. होकार देण्यापूर्वी यादी नीट बघा: हवं ते रिपॉझिटरीत, म्हणजे एप्ट जिथून पॅकेजेस आणतं त्या साठ्यात, नसेल, तर एप्ट तुमचं पॅकेजच काढून टाकायला निघतं. पॅकेज बनवणाऱ्याने डिपेंडन्सीची नोंदच केली नसेल तर एप्टला सगळं ठीकच दिसणार. तेव्हा प्रोग्रामच्या फाइलवर ‘एलडीडी’ (लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) चालवा आणि ‘नॉट फाउंड’ लिहिलेली लायब्ररी कोणत्या पॅकेजमध्ये आहे ते ‘एप्ट-फाइल’ने शोधा.

मग आपल्या लॅपटॉपवर कसं चालत होतं? दुसऱ्याच पॅकेजने ती लायब्ररी आणलेली असते. शेजाऱ्याच्या केळीला पाणी दिलं की आपल्या बांधालाही ओल येते, तसं. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या पॅकेज मॅनेजरमध्ये हे फार घडतं, कारण बहुतेक पॅकेजेस एकाच ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डरमध्ये वर येऊन बसतात. त्याला पर्याय असलेला पीएनपीएम मात्र नोंद नसलेलं सहसा हाती लागू देत नाही. मला तीच शिस्त योग्य वाटते.

राहिलेलं नाव नुसतं इन्स्टॉल करून थांबू नका, ‘रिक्वायरमेंट्स’ फाइलमध्ये, म्हणजे पायथनच्या त्या यादीत, लिहा. पायथनच्या पॅकेज मॅनेजरच्या, म्हणजे पिपच्या, ‘पिप चेक’वर विसंबू नका, तेही नोंदलेलंच तपासतं. खरी परीक्षा कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथनच्या वेगळ्या, रिकाम्या जागेत): फक्त यादीवरून इन्स्टॉल करा, प्रोग्राम चालवा, पुढची एरर आली की तेही नाव लिहा.

लॅबमध्ये नेट नसेल, तर घरूनच ‘पिप डाउनलोड’ने यादीतल्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या. तिथे ‘पिप इन्स्टॉल’ला ‘नो-इंडेक्स’ (नेटवर शोधू नको) आणि ‘फाइंड-लिंक्स’ (पेनड्राइव्हवरच्या फोल्डरमध्ये शोध) हे पर्याय द्या. ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथनची आवृत्ती मात्र दोन्हीकडे सारखी हवी.